दुसऱ्या पोत्यात कोंडा होता

त्यानं एका वेळी दोन पोती उचलली त्याला बावीस वर्षं झाली होती, आणि त्या गोष्टीतली पोती दर वर्षी जड होत चालली होती. सुरुवातीला नुसती दोन पोती होती. मग म्हातारीनं, म्हणजे त्याच्या आईनं, त्यांच्यावर एक मांजर बसवलं. पुढं मांजराचा बोकड झाला. गेल्या उन्हाळ्यात तर वर वजन करणारा मापाडीच बसला होता, हातात वही घेऊन, आणि वरून "सावकाश रे बाबा" म्हणत होता, असं म्हातारी डोळे मोठे करून सांगायची. मापाडी तिथंच उभा असायचा. तोही नाही म्हणायचा नाही. कुणी आपल्याला गोष्टीत घेतलं तर कोण नाही म्हणतो?

वखारीवर त्याला नावानं कुणी हाक मारत नसे. दोनपोत्या म्हणत. त्याची बायको त्याच वखारीत पोत्यांची तोंडं शिवायची, म्हणून ती शिवणारी. दाराशेजारी गोणपाट टाकून बसायची, हातात बोटभर लांब दाभण, मांडीवर सुतळीचा गुंडा. हमाल पाठीवर पोतं घेऊन तिच्या समोरून जायचे. वीस वर्षांत तिनं माणसांची तोंडं कमी आणि पोटऱ्याच जास्त पाहिल्या होत्या. पोटरीवरनं ती माणूस ओळखायची.

त्या वर्षी पीक बुडालं नव्हतं. उलट एवढं आलं होतं की वखार कौलापर्यंत भरली होती. आणि नेमका वखारीमागचा कालवा झिरपायला लागला. एका सकाळी बघतात तर फरशीला घाम फुटलेला. खालच्या थरातल्या पोत्यांना कुबट वास यायला लागला. मालकाचा निरोप आला, दहा दिवसांत सगळा माल चढावरच्या नव्या वखारीत गेला पाहिजे. बारा हजार पोती, पन्नास किलोचं एकेक. हमाल अकरा.

"अकरा कुठं," मुकादम म्हणाला, "बारा धरा. दोनपोत्या दोघांचं काम करतो."

सगळे हसले. दोनपोत्याही हसला. शिवणारीनं त्याच्या पोटऱ्यांकडे पाहिलं. डाव्या पायावर तो भार देत नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती न्हाणीत गरम पाणी द्यायला गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. आत तो ओल्या फरशीवर उताणा पडला होता, गुडघे वर घेतलेले, आणि डाव्या जांघेत पेरूएवढा गोळा आला होता तो तळहातानं आत ढकलत होता. खुराड्यात न जाणाऱ्या कोंबडीला ढकलावं तसा, धीरानं, सवयीनं.

"बाहेर जा," तो म्हणाला.

"हे काय आहे?"

"काही नाही. वात आहे."

"वाताला हातानं आत ढकलतात होय?"

गोळा गुर्रकन आत गेला. त्यानं श्वास सोडला आणि भिंतीला धरून उठला.

"किती दिवस झाले?"

"चार."

"चार दिवस?"

"वर्षं."

ती बादली हातात धरून उभीच राहिली. चार वर्षं तो तिच्याकडे पाठ करून झोपत होता. तिला वाटलं होतं, आपण उतरलो ह्यांच्या मनातून. वय झालं आपलं, असतं असं, म्हणून तिनं गिळलं होतं. कुणाला विचारणार?

"दवाखान्यात जाऊ," ती म्हणाली.

"तिथं डॉक्टरीण आहे."

"मग?"

"मग काय मग. तिच्यापुढं नाडी सोडून उभा राहू?"

"माझी दोन्ही बाळंतपणं तिथल्या डॉक्टरनं केली. बाप्या माणूस होता. तेव्हा तुम्हीच म्हणालात, डॉक्टरला कसली आलीय लाज."

"बायकांचं वेगळं असतं." त्यानं टॉवेल ओढून घेतला. "सात दिवस राहिलेत. तेवढे जाऊ दे. आणि आईला सांगितलंस तर बघ."

"कोण काय सांगतंय आईला?" बाहेरून म्हातारीचा आवाज आला. तिचे कान वय झालं तरी सशाचे होते.

"पाणी गार झालं म्हणतायत," शिवणारी म्हणाली.

इतके दिवस तो सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी जांघेवर आवळून जात होता. कातडं सोलून निघालं होतं. ते पाहून तिला रडू आलं आणि रागही आला. राग अशासाठी की काम गचाळ होतं, आणि गचाळ काम तिला बघवायचं नाही. दुपारच्या सुट्टीत घरी येऊन तिनं गोणपाटाची दुहेरी पट्टी कापली, जुन्या चादरीचं मऊ अस्तर लावलं, ट्यूबची पट्टी मधोमध घातली आणि डाव्या बाजूला जिथं गोळा यायचा तिथं मुठीएवढी उशी शिवली. उशीत भरायला घरात कापूस नव्हता. वखारीतून कोंडा आणला होता तो ठासला.

तो जेवत होता. कोंडा बघून हसायला लागला. हसता हसता जांघ धरली.

"काय झालं?"

"कोंडाच नशिबात आहे," तो म्हणाला. मग दाराकडे बघून, म्हातारी शेजारणीकडे गेलीय याची खात्री करून, हळू आवाजात म्हणाला, "तुला सांगू? दुसऱ्या पोत्यात कोंडा होता."

"कुठल्या दुसऱ्या?"

"पहिल्यांदा दोन उचलली तेव्हा. अठरा वर्षांचा होतो. ट्रक सुटायला आलेला. एक पोतं राहिलं होतं धान्याचं, एक कोंड्याचं. दोन खेपा कोण घालणार? घेतली दोन्ही पाठीवर. आई दारात होती. तिनं पाहिलं आणि ओरडली, माझ्या लेकानं दोन पोती उचलली. मी म्हणणार होतो, अगं एकात कोंडा आहे. तोवर मुकादमानं पाठीवर थाप मारली. कधी मारली नव्हती त्यानं."

"मग?"

"मग दुसऱ्या दिवशी दोन्ही धान्याची दिली."

तो भात कालवत राहिला. शिवणारीनं दोरा तोडला. त्या दोन पोत्यांवर मांजर होतं, बोकड होता, मापाडी होता. खाली हा एकटाच होता, आणि तो बावीस वर्षं खाली उतरवा म्हणाला नव्हता.

पट्टा चांगला जमला. दोन दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी उकाडा असा होता की लोखंडी दाराला हात लागला तर फोड यावा. दोनपोत्या सोडून सगळ्या हमालांनी अंगातले सदरे काढले. दोनपोत्या पाणी प्यायला वाकला आणि सदरा वर सरकला. मागं बारक्या उभा होता. बारक्या म्हणजे टोळीतला सगळ्यात सडपातळ. जोराचा वारा सुटला की पोतं खाली ठेवू नकोस, उडशील, अशी त्याची चेष्टा व्हायची.

"हे काय रे कमरेला?"

दोनपोत्याचं तोंड पांढरं पडलं. शिवणारी सुतळी ओवता ओवता थांबली.

"पट्टा," तो म्हणाला. "ताकदीचा."

म्हातारीचाच मुलगा तो. थाप रक्तात होती, फक्त आजवर लागली नव्हती.

चहाच्या वेळेपर्यंत दोन पोत्यांचं गुपित पट्ट्यात आहे हे सगळ्यांना कळलं होतं. सुट्टी होईतो पट्ट्यात कुठल्याशा मुळीचा चुरा भरलेला असल्याचं नक्की झालं होतं. दुसऱ्या दिवशी हमाल एकेक करून शिवणारीपाशी यायला लागले. "वहिनी, एक पट्टा शिवून द्या." तिनं नाही म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतं. तिनं शिवले. साधे, सरळ, उशी न घालता. दोनपोत्याच्या पट्ट्याला उशी आहे हे त्याच्याशिवाय आणि तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

बारक्या आपला पट्टा घेऊन गेला आणि तासाभरानं परत आला. आजूबाजूला कुणी नाही असं बघून उकिडवा बसला.

"वहिनी, जरा इथं," त्यानं उजव्या अंगाला बोट ठेवलं, "काहीतरी मऊ घालता का? जाडसर. रुततो."

"रुततो, की टेकू पाहिजे?"

बारक्या वर छताकडे बघायला लागला. "चिमणीनं घरटं केलंय वाटतं तुमच्या डोक्यावर," म्हणाला.

तिनं उशी घातली. नंतर दुसरा आला, त्यालाही रुतत होतं. मग तिसरा. एकाला डावीकडे रुतत होतं. दहा पट्ट्यांत पाचांना उश्या लागल्या. उशीचा पाचवा पट्टा मुकादमाचा होता. तो स्वतः आला नाही, निरोप पाठवला, मुकादमाला नुसता शोभेसाठी पाहिजे, आणि दोन्ही बाजूंना उशी घाला, शोभा सारखी दिसली पाहिजे.

शिवणारी दाभण हातात धरून बसून राहिली. समोरून माणसं जात होती, पाठीवर पोतं, मान खाली, एक हात पोत्याच्या कानाला. दुसरा हात कुठं असतो ते ती आज पहिल्यांदा बघत होती. तो जांघेशी होता. घाम पुसल्यासारखा जायचा आणि तिथं थोडा जास्त थांबायचा. सगळी वखार असं एक हात धरून चालत होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच.

तिला वाटलं, एवढ्यांना आहे म्हणजे बोलायला सोपं. ती उठून मुकादमाकडे गेली.

"ह्यांना आजपासून एकेकच द्या."

मुकादम तंबाखू मळत होता. "का? काय झालं?"

एवढी माणसं ऐकत होती. शब्द तिच्या ओठावर आला आणि तिथंच बसला. "पाठ धरलीय," ती म्हणाली.

"पाठ धरलीय तर शेक द्या. मन लावून द्या," मुकादम म्हणाला, आणि आजूबाजूचे खुसखुसले. "एकेक तर बारक्या पण नेतो, वहिनी. उद्या दोनपोत्याला एकपोत्या म्हणू, परवा अर्धपोत्या. तेरवा तुमच्याशेजारी गोणपाटावर बसवू, दाभण देऊन."

आता मात्र सगळेच हसले. बारक्या सगळ्यात मोठ्यानं हसला, आणि हसताना उजवा हात खाली गेला.

दोनपोत्या थप्पीपाशी उभा होता. त्यानं ऐकलं होतं.

"कोण म्हणालं पाठ धरलीय?" त्यानं पाठ वाकवली. "ठेव दोन." दोन ठेवली. "अजून एक ठेव."

"अरे, तीन?"

"ठेव म्हणतो ना."

तीन पोती घेऊन तो तिच्यासमोरून गेला. त्याचे पाय कापत नव्हते, पण बोटं फरशीला अशी चिकटून जात होती की जणू फरशी पळून जाईल. तिचं दाभण सुतळीऐवजी अंगठ्यात गेलं. त्या दिवशी शिवलेल्या तीन पोत्यांच्या तोंडाला रक्ताचे डाग पडले.

घरी आल्यावर तो एवढंच म्हणाला, "भर वखारीत माझी नाडी सोडलीस."

"सोडली नाही. सोडायला पाहिजे होती."

"आई," तो म्हातारीला म्हणाला, "हिला सांग, माझ्या कामात पडू नको म्हणून."

म्हातारी दोघांकडे बघत होती. तिला काहीतरी शिजतंय एवढं कळलं होतं, काय ते कळत नव्हतं. "तीन उचललीस म्हणे आज," ती म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "शेजारणीला सांगितलं मी."

"किती सांगितलंस?"

"पाच," म्हातारी म्हणाली.

आठव्या दिवशी दुपारी नव्या वखारीच्या फळीवर तो थांबला. खाली ट्रक, वर उंबरा, मध्ये दोन हात रुंदीची फळी. मागं तिघं पोती घेऊन खोळंबले. "चल की रे," मागून कुणीतरी म्हणालं. तो चालला नाही. दोन्ही पोती आधी डावीकडे कलली, मग खाली गेली, एक फुटलं आणि धान्य फळीवरून ओघळायला लागलं. मग तो गुडघ्यावर आला, मग कुशीवर. पाय पोटाशी घेतले आणि ओकला.

फुटलेली पोती शिवायला शिवणारी त्या दिवशी वरच होती, ती धावत आली तोवर भोवती कडं झालं होतं.

"ऊन लागलं."

"सकाळी काही खाल्लं नसेल."

"पित्त आहे. लिंबू द्या."

"पट्टा सैल झाला असेल रे, आवळा जरा." आणि एकजण खरंच पट्टा आवळायला खाली बसला.

तिनं त्याचा हात झटकला आणि पट्टा सोडला. गोळा आता पेरूएवढा नव्हता, तिच्या दोन्ही मुठींएवढा होता. लालभडक, दगडासारखा. तिनं नुसतं बोट लावलं तर तो जनावरासारखा हंबरला. आत जात नव्हता.

"झाका ते," मुकादम म्हणाला आणि मान वळवली. सगळ्यांनीच माना वळवल्या. अकरातला एक खाली पडला होता आणि दहा माणसं चिमणीचं घरटं शोधत होती.

"झाकायचं नाही," ती म्हणाली. ओरडली नाही. वीस वर्षं वखारीत कुणी तिचा आवाज ऐकला नव्हता, त्यामुळं हळू बोललेलंही सगळ्यांना ऐकू गेलं. "आतडं उतरलंय ह्यांचं. जांघेत. चार वर्षं झाली. आता ते अडकलंय. ट्रक रिकामा करा."

कुणी हललं नाही.

"ट्रक रिकामा करा, नाहीतर कुणाकुणाच्या पट्ट्याला किती कोंडा घातलाय ते इथं उभी राहून सांगते. डावीकडे किती, उजवीकडे किती, दोन्हीकडे किती."

ट्रक इतक्या लवकर कधी रिकामा झाला नव्हता. मुकादमानं स्वतः पोती फेकली. रिकाम्या गोण्यांची चळत करून त्याला त्यावर ठेवलं, आणि बारक्यानं वाटभर त्याचं डोकं मांडीवर धरलं. रस्ता खड्ड्यांचा होता. प्रत्येक खड्ड्याला तो दात आवळायचा आणि बारक्या म्हणायचा, "ओरड रे. ओरडलास तरी चालतंय. इथं कोण ऐकतंय?"

डॉक्टरीण लहान चणीची होती, शाळेतली मुलगी दिसावी अशी. तिनं हात लावला, घड्याळ बघितलं आणि लगेच आत घ्यायला सांगितलं. नाडी सोडायची लाज वाटायला दोनपोत्या शुद्धीवर कुठं होता?

बाहेर पायरीवर दोघी बसल्या. म्हातारीला शेजारणीनं आणून सोडलं होतं. बराच वेळ ती काठीनं पायरीवरची माती उकरत होती.

"मला का नाही सांगितलं?" ती म्हणाली.

"त्यांनी सांगू नको म्हटलं."

"माझी भीती कसली?"

"तुमची नाही, आई. तुमच्या गोष्टीची."

म्हातारीनं काठीनं मातीचं ढेकूळ फोडलं. मग म्हणाली, "त्यात कोंडा होता."

शिवणारीनं वळून बघितलं.

"मला ठाऊक होतं. त्या पोत्याचं तोंड मीच शिवलं होतं. तुझ्या आधी दाभण माझ्याच हातात होतं ना. कोंड्याचं पोतं आणि धान्याचं पोतं मला कळत नाही होय?"

"मग?"

"बाप गेलेला. माझ्याजवळ गोणपाटावर बसून मोठा झाला. पोरगं किडकिडीत. दाभण झकास चालवायचा. तर ते सगळे त्याला म्हणायचे, बाईच्या हाताखालचं, पोतं उचलायचं नाही याच्यानं, याला लुगडं नेसवा. पोरगं जेवायचं नाही. त्या दिवशी मी ओरडले." तिनं काठी थांबवली. "एकदाच म्हणायचं होतं. पण लोक परत परत विचारायला लागले."

दिवस कलता कलता डॉक्टरीण बाहेर आली. वीतभर आतडं काळं पडलं होतं, ते काढावं लागलं, म्हणाली. वाचेल. पण अजून थोडा उशीर झाला असता तर हात टेकले असते. "चार वर्षं का आला नाही? तेव्हा तासाभराचं काम होतं."

"नाव मोठं होतं त्यांचं," शिवणारी म्हणाली. डॉक्टरणीला काही कळलं नाही.

पाच दिवसांनी म्हातारी काठी टेकत वखारीवर गेली. कुणी बोलावलं नव्हतं. माल हलवून झाला होता, हमाल दाराशी चहा पीत बसले होते, आणि शिवणारी राहिलेली फुटकी पोती शिवत होती. म्हातारी मध्ये उभी राहिली.

"ऐका रे सगळे. माझ्या लेकानं दोन पोती कधी उचलली नव्हती. म्हणजे त्या दिवशी नव्हती. दुसऱ्या पोत्यात कोंडा होता. मी खोटं सांगितलं."

मापाड्याच्या नाकातून चहा बाहेर आला.

"आजी, आजवरची सगळ्यात भारी थाप," कुणीतरी म्हणालं.

"थाप नाही रे."

"कोंडा म्हणे. अहो आजी, मी वर बसलो होतो ना," मापाडी म्हणाला, "मला लागलं नसतं मऊ?"

सगळी वखार हसत होती. "येऊ दे बरा होऊन, दोनच देऊ त्याला, आजीची शपथ," मुकादम म्हणाला. म्हातारी तोंड उघडं टाकून उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा ती चारचौघांत खरं बोलली होती आणि पहिल्यांदाच तिच्यावर कुणी विश्वास ठेवला नव्हता. सुनेनं तिला हाताला धरून गोणपाटावर बसवलं.

हसणं ओसरल्यावर बारक्या हळूच आला. उकिडवा बसला. पट्टा सदऱ्याखालून काढून पुढं केला.

"वहिनी, उशी जरा जाड करता का? दबलीय."

शिवणारीनं पट्टा घेतला नाही. "तू त्यांचं डोकं मांडीवर धरलं होतंस ना?"

"हो."

"मग?"

"मग म्हणूनच. जाड केली तर अडकणार नाही."

तिचे डोळे भरून आले. ज्याला म्हणून कळायला पाहिजे होतं त्याला हेच कळलं होतं. "मी आता उश्या करत नाही," ती म्हणाली, आणि दुसरं काय बोलावं ते तिला सुचेना.

म्हातारीला सुचलं. तिनं नाक पुसलं, पदर सारखा केला आणि कुणालाही उद्देशून नाही अशा बेतानं, पण मुकादमापर्यंत जाईल एवढ्या आवाजात बोलायला लागली.

"डॉक्टरीण मला विचारत होती, आजी, तुमचा मुलगा किती उचलायचा? मी म्हटलं, दोन. तर म्हणाली, तरीच. हे साध्यासुध्या माणसाला होतच नाही म्हणे. ज्याची ताकद अंगात मावत नाही त्यालाच होतं. ताकद आतून दार उघडते. एकेक नेणाऱ्याला कुठून होणार? बारक्या, तू नको काळजी करू बाबा. तुला काही ते व्हायचं नाही."

बारक्याचा चेहरा पडला. मग लाल झाला. "मला आहे," तो म्हणाला.

"चल, काहीतरीच."

"आहे म्हणतो ना. उजवीकडे. दोन वर्षं झाली. विचारा वहिनींना."

"आणि त्याला कापायला किती माणसं लागली म्हणता," म्हातारी पुढं बोलतच होती, "चार. सुरीला धार करायला पाचवा. आतडं काढलं ते दवाखान्याच्या दारापासून रस्त्यापर्यंत. डॉक्टरीण म्हणाली, असा बाप्या मी पाहिला नाही."

"मलाही आहे," मागून कुणीतरी म्हणालं.

"तुला कुठलं. तुला गॅस आहे."

"तुझ्यापेक्षा मोठं आहे माझं."

त्या आठवड्यात चौघं दवाखान्यात गेले. त्यातल्या एकाला काहीच नव्हतं, डॉक्टरणीनं परत पाठवला, तर तो वखारीत सांगायला लागला की माझं खूप आत आहे, दिसत नाही. मुकादम दाढ दुखते सांगून एकटाच गेला आणि सव्वा महिना दाढेला टाके पडल्यासारखा फेंगडा चालत होता. पण ज्याला डावीकडे रुतत होतं तो नाही गेला. तो काम सोडून दुसऱ्या गावच्या वखारीवर गेला, पट्टा बांधून. त्याचं पुढं काय झालं ते कधी कळलं नाही. शिवणारीला तो अधूनमधून आठवायचा. तोंड नाही, पोटऱ्या.

दोनपोत्या तीन महिन्यांनी वखारीवर आला. जड उचलायचं नाही, हे डॉक्टरणीनं कागदावर लिहून दिलं होतं. मुकादमानं कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि गोणपाटाकडे हात केला. तो बायकोशेजारी बसला. दाभण हातात घेतलं. बोटांना आठवत होतं. टाके सरळ पडत होते, तिच्याहून सरळ. समोरून हमाल जात होते आणि तो मान वर करत नव्हता. नवीन आलेला कुणीतरी हळूच म्हणाला, "हाच का तो?" आणि त्याचे कान तापलेले तिला दिसले.

दारात म्हातारी काठी टेकून उभी होती. तिला राहवलं नाही.

"हाच," ती म्हणाली. "आता एका वेळी दोन पोती शिवतो."

थोड्या वेळानं शिवणारी पाणी प्यायला उठली. परत आली तर तो इकडंतिकडं बघत होता, कुणी पाहतंय का ते. गुडघ्यांत त्यानं दोन पोत्यांची तोंडं एकमेकांना जोडून आवळून धरली होती, आणि दाभण दोन्हींतून एकदम पार करायला जोर लावत होता. कपाळावर घाम आला होता. डावा हात पोटाशी होता.

ती शेजारी बसली आणि त्याच्या गुडघ्यांतून एक पोतं ओढून घेतलं.

"एक," ती म्हणाली.

त्यानं दाराकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग उरलेल्या पोत्याचं तोंड हातात घेतलं आणि शिवायला लागला.